कडब्यातले लोणी



गाय दिवसभर गवत आणि कडबा खाते आणि दोन्ही वेळा दूध देते. त्या दुधावर साय धरते, सायीचे लोणी होते, लोणी कढवले की तूप. आता कडबा कितीही कुटला, कितीही पिळला, तरी त्यातून तुपाचा थेंब काही निघत नाही. मग हे तूप आले कुठून? प्रश्न पोरकट वाटेल; पण एकोणिसाव्या शतकात युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नावरून हिरिरीने भांडले. पीठ, साखर आणि तूप यांचे नाते त्या भांडणातूनच उलगडत गेले. ती हकीकत आज आपण पाहू.

आधी या दोन घराण्यांची ओळख करून घेतली पाहिजे. ज्वारीतले पिष्ट, उसातली साखर आणि कडब्यातला चिवट तंतू ही सारी एका घराण्यातली. त्यांना कर्बोदके म्हणतात. त्यांतली साधी साखर म्हणजे ग्लुकोज. तिच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. असे ग्लुकोजचे मणी एकापुढे एक ओवले की पिष्ट तयार होते. तेच मणी वेगळ्या गाठीने ओवले की तंतू, म्हणजे सेल्युलोज. मणी तेच, गाठ तेवढी निराळी. पण म्हणूनच भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही.

दुसरे घराणे स्निग्ध पदार्थांचे. फ्रान्समधल्या मिशेल शेव्रल यांनी १८११ पासून साबणाचा अभ्यास सुरू केला आणि १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची जोड आहे, हे त्यांनी दाखवले. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. तिच्यात ऑक्सिजन अगदी थोडा, म्हणून जळायला वाव पुष्कळ. एक ग्रॅम पिठापासून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम तुपापासून सुमारे ९. शिल्लक साठवायला शरीर चरबीच का निवडते, ते यावरून कळेल.

आता भांडणाकडे वळू. १८४१ साली पॅरिसमध्ये द्यूमा आणि बूसँगो या दोघांनी असे मत मांडले, की घडवण्याचे काम वनस्पतींचे आणि जाळण्याचे काम प्राण्यांचे. गाईला तूप घडवता येत नाही. चाऱ्यात जो थोडा स्निग्धांश असतो तोच ती गोळा करून दुधात उतरवते. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या लीबिख यांनी याला विरोध केला. प्राण्याचे शरीर पिष्टापासून आणि साखरेपासून चरबी तयार करते, असे त्यांचे म्हणणे. दाखला दिला तो मक्यावर पोसलेल्या हंसाचा. मक्यात तेल जवळजवळ नसतेच, असे ते धरून चालले होते. पॅरिसकरांनी लगेच मक्यातून तेल काढून दाखवले! लीबिख यांचे अनुमान खरे होते, पण दाखला लंगडा पडला.

मग मधमाश्यांची साक्ष निघाली. ह्यूबर नावाच्या एका अंध निरीक्षकाने मदतनिसाच्या डोळ्यांनी पाहून पूर्वीच नोंदवून ठेवले होते, की केवळ मध किंवा साखर दिली तरी माश्या मेण तयार करतात. मेण हा स्निग्ध पदार्थांचाच भाऊबंद. १८४३ साली द्यूमा यांनी मिल्न-एदवार्द यांच्यासह हा प्रयोग स्वतः करून पाहिला. ह्यूबर यांचेच म्हणणे खरे ठरले, आणि ते द्यूमा यांनी जाहीर केले. राहता राहिले बूसँगो. ते स्वतः शेती करणारे. त्यांनी डुकरांना दिलेल्या अन्नातली चरबी मोजली आणि डुकरांच्या अंगावर चढलेली चरबीही मोजली. अंगावरची जास्त भरली. १८४५ साली त्यांनी तसे छापून टाकले. पुढे इंग्लंडात रॉथमस्टेड येथे लॉझ आणि गिल्बर्ट यांनी डुकरांवरच मोजमाप केले, तेव्हा अंगी चढलेली चरबी अन्नातल्या चरबीच्या चौपटीहूनही अधिक निघाली. वाद मिटला.

हे घडते कसे, ते कळायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली. क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले, तेव्हा जादा साखर प्रथम तिथे साठते असे दिसले. ही कोठी लहान. ती भरली की उरलेल्या साखरेची चरबी होऊ लागते. विसाव्या शतकात कॉनराड ब्लॉक आणि फिओडोर लिनेन यांच्या संशोधनातून कळले, की शरीर दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत मेदाम्लाची साखळी विणते. त्याबद्दल १९६४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गाईच्या पोटात तर सूक्ष्म जंतू कडब्याचा तंतू आंबवतात. त्यातून शिरक्यात असते तेच आम्ल तयार होते, आणि तेच तुकडे वापरून कास दुधातली चरबी घडवते. सरकीच्या पेंडीतला स्निग्धांशही दुधात उतरतो, पण सगळे तूप काही पेंडीचे नसते.

आपल्या अंगातही हेच चालते. तूप सोडले, पण गूळ-साखर आणि पिठूळ पदार्थ गरजेबाहेर खाल्ले, तर वजन वाढायचेच. परतीची वाट मात्र जवळजवळ बंद आहे. मेदाम्लांपासून आपले शरीर साखर करू शकत नाही. ग्लिसरीनपासून काय थोडी होईल तेवढीच. म्हणून उपासमारीत अंगावर चरबी असूनही मेंदूपुरती साखर मिळवायला शरीर स्नायू मोडू लागते. दुष्काळात माणसे नुसती बारीक होत नाहीत, दुबळी होतात, त्याचे एक कारण हे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाका. ती काळीनिळी होईल. कागदावर शेंगदाणा चिरडा. तेलकट डाग पडेल. मुलांना ही दोन्ही घराणी डोळ्यांनी दिसतील. मग गाईचा प्रश्न त्यांना घाला आणि थोडे भांडू द्या. शेवटी द्यूमा आणि बूसँगो यांची गोष्ट सांगा. आपलेच मत तपासायला ते स्वतः मोजायला बसले, आणि जे निघाले ते त्यांनी चारचौघांत मान्य केले.