स्टीलवर सोनं-चांदी जोडता येतं का? समजून घ्या डाख देण्यामागचं विज्ञान

समजा, तुमच्याकडे स्टीलचं कडं आहे आणि त्यावर आजीच्या जुन्या पैंजणातला चांदीचा तुकडा बसवायचा आहे. सक्करदऱ्यातला किंवा इतवारीच्या सराफा ओळीतला कारागीर "नाही जमत" म्हणाला, तर तो टाळतोय असं समजू नका. काम अशक्य नाही, पण चांदीला चांदी जोडायची नेहमीची रीत इथे चालत नाही.

डाख म्हणजे काय?

दोन तुकड्यांच्या फटीत, त्यांच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वाहू देणं म्हणजे डाख देणं. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोनं १,०६४ अंशांना आणि स्टील साधारण १,४०० अंशांना. चांदीच्या डाखात चांदी, तांबं आणि जस्त असतं. तो साधारण ६५० ते ८०० अंशांत वाहतो.

अडचण कुठे येते?

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. म्हणूनच स्टील गंजत नाही. पण याच थरामुळे वितळलेला डाख पृष्ठभागाला धरत नाही, त्याचे गोळे होतात. सोनार वापरतात तो टाकणखार हा थर नीट काढू शकत नाही. त्यासाठी फ्लोराइड असलेला फ्लक्स लागतो. त्याचा धूर घातक असतो, त्यामुळे हवा खेळती हवीच.

दुसरी अडचण उष्णतेची. चांदी स्टेनलेस स्टीलपेक्षा सुमारे २५ पट चांगली उष्णतावाहक आहे. ज्योत स्टीलवर एका जागी धरली, तर तेवढाच भाग लाल होतो, बाकीचा थंडच राहतो. आणि ९२.५ टक्क्यांची चांदी ८०० अंशांच्या आसपास वितळायला लागते. म्हणजे चुकायला जागा फारच कमी.

स्प्रिंग असेल तर?

ब्रोचची पिन किंवा हुकातली स्प्रिंग लाल होईपर्यंत तापली की तिचा ताण जातो. जोड पक्का दिसतो, पण पिन वाकते आणि दागिना हरवतो.

मग पर्याय कोणते?

• लेझर वेल्डिंग: अगदी छोट्या ठिपक्यावर उष्णता देता येते, बाजूचा भाग फारसा तापत नाही.
• आधी निकेलचा मुलामा, मग डाख: डाख स्टीलऐवजी निकेलला धरतो.
• रिव्हेट किंवा कोंदण: उष्णताच नको. आजीच्या चांदीसाठी हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.
• कथिलाचा डाख: २२० अंशांच्या आसपास वाहतो, पण जोड कमजोर. पुढे तोच दागिना जास्त तापवला, तर कथिल चांदीत शिरून खड्डे पडतात.

काम देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

१. स्टीलसाठी वेगळा फ्लक्स वापरता का?
२. डाखात कॅडमियम नाही ना? 'केडीएम' या नावात तेच आहे, आणि त्याची वाफ कारागिराच्या फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना इजा करते.
३. स्प्रिंग किंवा पिन काढून ठेवणार का?

सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो. पण तो सोन्याच्या शुद्धतेबद्दल सांगतो. स्टीलशी केलेला जोड किती टिकेल, हे कोणतंच अॅप सांगणार नाही. ते कारागिरालाच विचारावं लागेल.