प्रोसेसर नसलेला ईसीयू

जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळींत एक वाद हमखास निघतो. कंपनीतून आलेलं फ्यूएल इंजेक्शन ठेवायचं, की ते काढून बाजारातलं नवं बसवायचं? आपल्याला हा प्रश्न रोजचाच आहे: लेगसी सिस्टीम दुरुस्त करा किंवा रीराइट करा!

उदाहरण घेऊ फोक्सवॅगन 1600 चं. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन तसं आधीचं, अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीचं. 1958 मध्ये क्रायस्लरने ते जेमतेम 35 गाड्यांत बसवलं. तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपलं नाही आणि बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बुरेटर लागले. बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार घेऊन जर्मनीच्या बॉशने 1967 मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं. अमेरिकेत 1968 च्या मॉडेलपासून धुराचे नियम लागू होणार होते, आणि फोक्सवॅगनला तिथेच गाड्या विकायच्या होत्या.

आता गंमत बघा. या ईसीयूत मायक्रोप्रोसेसरच नाही (इंटेलचा 4004 आला 1971 मध्ये). सगळं ॲनालॉग. डी म्हणजे 'द्रुक', जर्मन भाषेत दाब. मॅनिफोल्डमधला दाब बदलला की सेन्सरमधल्या हवा काढलेल्या पातळ धातूच्या डब्या फुगतात-आकसतात, कॉइलमधला गाभा सरकतो, आणि त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. म्हणजे आपण ज्याला लुकअप टेबल म्हणतो, ते इथे चक्क धातूत घडवलंय! मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

पण ऑक्सिजन सेन्सर नाही, म्हणजे फीडबॅक शून्य. इंजिन कारखान्यातून निघालं तसं असेल तरच हे गणित जुळतं. कॅमशाफ्ट बदललात, की मॅनिफोल्डचा दाब वेगळा. बिचाऱ्या ईसीयूला पत्ताच नाही, तो जुनंच उत्तर देत राहतो. आणि लोक शिव्या घालतात बॉशला!

2001 मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट आणलं: स्वतः सोल्डर करायचा ईसीयू. त्यात 8 गुणिले 8 चं टेबल, लॅपटॉप जोडून हवं ते भरा. कॉन्फिग फाइलच की! मात्र ते 64 आकडे तुमच्या इंजिनासाठी कोणी काढून ठेवलेले नसतात. वाइडबँड सेन्सर लावून, थंडीत, चढावर, सिग्नलला, तुम्हीच ते शोधायचे. बॉशच्या इंजिनियरांनी केलेलं टेस्टिंग तुमच्या गळ्यात.

म्हणून माझं मत सरळ आहे. इंजिन मूळचं असेल तर डी-जेट्रॉनिकला हात लावू नये. बिघाड बहुतेक वेळा कडक झालेल्या वायरींत, कनेक्टरांत किंवा त्या सेन्सरच्या चिरलेल्या पडद्यात असतो, आणि तेवढंच दुरुस्त करता येतं. इंजिन बदललेलं असेल तर खुशाल मेगास्क्वर्ट. फक्त काढलेला जुना ईसीयू, सेन्सर आणि हार्नेस खोक्यात जपून ठेवा, भंगारात नको.

आणि हो, दोन्हीपैकी काहीही ठरवा, आधी पेट्रोलचे रबरी होज बदला. आत साधारण 2 बारचा दाब असतो. चाळीस-पन्नास वर्षांचा होज फुटला, तर फवारा थेट गरम इंजिनावर.