केसांची मेंदी (मोहने–कल्याण परिसर)

मेंदीच्या वाळलेल्या पानांची पूड भिजवून केसांना लावण्याची घरगुती रीत. पांढऱ्या केसांना तिने नारिंगी ते गडद तांबडा रंग चढतो. काळ्या केसांचा रंग पालटत नाही; उन्हात उभे राहिले की तेवढी लालसर झाक दिसते. केस जाडसर आणि चकचकीत होतात, हा तिचा दुसरा लाभ मानला जातो. कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी वसलेल्या मोहन्यात आणि त्याला लागून असलेल्या आंबिवली, गाळेगाव, अटाळी, वडवली या वस्त्यांत ही रीत परिचयाची आहे. हातावरच्या मेंदीचा विचार या नोंदीत केलेला नाही.

वनस्पती : शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस, कुल लिथ्रेसी, संस्कृत मदयंतिका. प्रजातीचे नाव आयझॅक लॉसन या स्कॉटिश वैद्यावरून आले आहे. झुडूप सुमारे 2 ते 6 मी. उंच वाढते, पाने लहान व समोरासमोर, फुले बारीक आणि सुवासिक असून त्यांपासून हिना अत्तर काढतात. मूळ स्थानाबाबत मतभेद आहेत. महाराष्ट्रात मेंदी रंगापेक्षा कुंपणासाठी अधिक लावली गेली, कारण ती वारंवार छाटणी सोसते आणि कोरड्या जमिनीतही तग धरते. मात्र बंगल्याच्या किंवा शाळेच्या कडेचे प्रत्येक छाटलेले कुंपण मेंदीचे नसते. कोयनेल आणि पिवळट पानांचा दुरांटा ही झुडपेही तशीच राखली जातात व त्यांची पाने कितीही वाटली तरी केस रंगत नाहीत. ओळख पटवायची असेल तर पान चुरगाळून ओलसर तळहातावर काही वेळ दाबून धरावे. मेंदी असेल तर नारिंगी डाग राहतो.

रंगक्रिया : मेंदीच्या पानात तयार रंग नसतो. असतात ती रंगाची पूर्वरूपे, साखरेच्या रेणूला जोडलेली. पूड पाण्यात भिजली की ही जोडणी सुटते, सुटलेल्या भागाचा हवेशी संयोग होतो आणि लॉसोन तयार होते. हे नॅफ्थोक्विनोन वर्गातील नारिंगी द्रव्य (रेणुसूत्र सी10एच6ओ3) आहे. वाळल्या पानात त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे 1 टक्क्याच्या आसपास भरते. भिजवलेल्या मेंदीचा वरचा थर काही तासांनी तपकिरी होतो आणि आतला हिरवाच राहतो, तो याच हवेच्या संयोगामुळे. घरात या खुणेला 'मेंदीने रंग सोडला' म्हणतात.

केस केराटिन या प्रथिनाचा असतो. मेंदीचा लगदा किंचित आंबट असला की केराटिनमधील अमिनो गट धनभारित होतात आणि ऋणभारित लॉसोन त्यांच्याकडे ओढले जाते. काही रेणू पुढे प्रथिनाशी रासायनिक बंधही जोडतात. त्यामुळे रंग धुण्याने सहजी उतरत नाही. केस वाढून मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते, तेव्हाच पुन्हा लावायची वेळ येते. डोक्याचा केस महिन्याला साधारण 1 सें.मी. वाढतो, म्हणून तीन-चार आठवड्यांचा पाळा ठरून गेला आहे. लॉसोन केसाच्या बाहेरच्या खवल्यांत आणि त्यांच्या लगतच्या थरात बसते. आतल्या मेलॅनिनला हात लावत नाही. मेंदीने काळा केस उजळत नाही, त्याचे हे कारण.

लोकर, रेशीम आणि नायलॉन यांनाही मेंदी लागते. सूत आणि रेयॉन यांना ती जेमतेम लागते, कारण हे दोन्ही धागे सेल्युलोजचे असून लॉसोनला धरून ठेवणारे अमिनो गट त्यांत नाहीत. एकाच वाडग्यात लोकरीचा आणि रेयॉनचा धागा तासभर बुडवून धुतला की पहिला विटकरी निघतो, दुसऱ्यावर फिकट डाग राहतो.

मोहने : हा फरक मोहन्यात सांगण्याला वेगळा अर्थ आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास येथे उभी राहिलेली नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे 'एनआरसी', ही या गावाची ओळख झाली. लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांत मुरवून, आम्लात सोडून पुन्हा धागा करायचा, ही व्हिस्कोस रेयॉनची पद्धत. कंपनीच्या वसाहतीत महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतली आणि परप्रांतांतली कुटुंबे शेजारी राहत होती. कारखाना 2009 पासून बंद आहे. शेजारच्या शहाडला सेंच्युरी रेयॉन हा त्याच जातीचा दुसरा कारखाना. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये व त्यांची पूरक रसायने तयार होतात. 2020 च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ताच गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रे राज्यभर गेली. धागा आणि रंग या दोन्हींशी या पट्ट्याचे जुने नाते आहे. मेंदीचे पान मात्र येथे बाहेरून येते.

भिजवण्याची रीत : खांद्यापर्यंतच्या केसांना सुमारे 100 ग्रॅम पूड पुरते, कमरेपर्यंतच्यांना दुपटीहून अधिक लागते. पूड आधी चाळून घेतात, नाहीतर काड्या केसांत अडकून नंतर विंचरताना त्रास होतो. चहाची पावडर उकळून गाळलेले कोमट पाणी थोडे थोडे घालत, गुठळ्या मोडत, दह्यापेक्षा किंचित घट्ट असा लगदा करतात. लिंबू किंवा दही घालतात ते आंबटपणासाठी. आवळा, शिकेकाई, माका, ब्राह्मी, जास्वंदीची पूड, कात, कॉफी ही भर घरोघरी निराळी. रात्री भिजवून सकाळी लावणे सर्वांत रूढ. उन्हाळ्यात, खोलीत 35 अंशांच्या वर तापमान असताना, दोन-तीन तासांतही लगदा तयार होतो. फार शिळी झालेली मेंदी फिकी लागते, कारण लॉसोन तयार होते तसे ते खर्चही होत जाते.

लावण्याचा दिवस बहुधा रविवार. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे, अंगात विटका गाऊन, कपाळाच्या कडेने आणि कानांच्या पाळ्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. भांग पाडून मागून पुढे एकेक बट घ्यायची, मुळाशी लगदा दाबायचा, बट पिळून टाळूवर गुंडाळायची आणि पुढची बट तिच्यावर चिकटवायची. आपल्या हाताने मागची बाजू नीट होत नाही, म्हणून बहीण, जाऊ किंवा शेजारीण लागते. वर प्लॅस्टिकची टोपी नाहीतर दुधाची धुतलेली पिशवी. ओल टिकली तरच रंग चढतो, सुकलेली मेंदी काम थांबवते. दोन ते चार तासांनी नुसत्या पाण्याने धुतात. शांपू त्याच दिवशी लावत नाहीत; काही जणी रात्री तेल लावून दुसऱ्या दिवशी डोके धुतात. पहिल्या दिवशीचा भडक नारिंगी रंग दोन-तीन दिवसांत आपोआप गडद होतो. धुऊन आल्यावर आरशात पाहून घाबरणाऱ्यांना जुन्या बायका एवढेच सांगतात, ते बरोबर असते.

लोखंडी कढई : मेंदी लोखंडी कढईत भिजवावी, हा सल्ला आजीकडून नातीकडे जातो आणि त्याला आधार आहे. चहा, आवळा आणि कात यांत टॅनिन असते. आंबट लगद्यात कढईचे लोह अल्प प्रमाणात विरघळते आणि टॅनिनशी मिळून काळपट द्रव्य तयार होते. जुन्या काळी दौतीत भरायची शाई याच रसायनाने करीत. नुसती मेंदी आणि पाणी लोखंडी कढईत ठेवल्यास फरक थोडा पडतो, आवळा घातल्यास बराच. रंग तांबड्याकडून तपकिरीकडे झुकतो. काळा मात्र होत नाही.

काळा रंग : मेंदीने केस काळे होत नाहीत. काळ्यासाठी नीळ लागते, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया या झुडपाच्या पानांची पूड. रीत दोन टप्प्यांची : आधी मेंदी लावून धुवायची, मग कोमट पाण्यात कालवलेली नीळ. मेंदी रात्रभर मुरवतात, तर नीळ कालवल्यावर लगेच वापरावी लागते. तिचा रंग हवेत झपाट्याने पक्का होतो आणि पक्का झालेला कण केसात शिरत नाही. तास-दीड तासाने धुतल्यावर केसांवर हिरवट छटा दिसते, ती एक-दोन दिवसांत काळपट तपकिरी होते.

याउलट 'काळी मेंदी' म्हणून मिळणारी, अर्ध्या-पाऊण तासात एकदम काळा रंग देणारी पुडी प्रायः कृत्रिम रंगाची असते. तिच्यातले काम पॅरा-फेनिलीनडायअमाइन (पीपीडी) करते. मेंदीची पूड असलीच तर भर म्हणून. ए. डब्ल्यू. हॉफमन या रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकात वर्णिलेले हे द्रव्य विसाव्या शतकाच्या आरंभापासून केशरंगांत आले. पॅरिसमध्ये 1907 च्या सुमारास युजीन शूलर याने असेच कृत्रिम रंग करून विकायला घेतले आणि त्यातून पुढे लॉरेआल ही कंपनी उभी राहिली. युरोपीय संघात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण 2 टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. पुडीवरच्या पानाच्या चित्रावरून आत काय आहे ते कळत नाही. घटकांची बारीक अक्षरांतली यादीच वाचावी लागते.

निगा : मेंदीला 'कंडिशनर' म्हणतात ते एका मर्यादेपर्यंत खरे आहे. लॉसोन आणि टॅनिन केसाच्या खवल्यांवर थर धरतात, त्यामुळे केस जाड भासतो, प्रकाश एकसारखा परततो आणि बट चकाकते. पातळ व तेलकट केसांना हे मानवते. कोरड्या आणि कुरळ्या केसांना टॅनिनमुळे राठपणा येतो. म्हणून अशा केसांसाठी लगद्यात दही किंवा चमचाभर तेल घालतात, किंवा मेंदी फक्त मुळांच्या पांढऱ्या भागाला लावून टोके वगळतात. दर आठवड्याला पूर्ण केसांना लावल्यास थरावर थर चढून केस कडक होतात. मेंदीने केस गळायचे थांबतात किंवा पांढरे व्हायचे थांबतात, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही.

अपाय : शुद्ध मेंदीची ॲलर्जी विरळा. युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीने या शतकाच्या आरंभी लॉसोनबद्दल शंका घेतली होती. 2013 मध्ये नव्या अभ्यासांनंतर केसांसाठी ठरावीक प्रमाणातील मेंदी सुरक्षित असल्याचे मत दिले. अमेरिकेत मेंदीला केस रंगवण्यापुरती मान्यता आहे, त्वचेसाठी नाही. जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी लॉसोनमुळे फुटू शकतात. असे नोंदलेले रुग्ण मुख्यतः तान्ही आणि लहान मुले आहेत. ही कमतरता पश्चिम भारतात पारशी समाजात तुलनेने अधिक आढळली आहे. लहान मुलांच्या डोक्याला थंडाव्यासाठी मेंदी थापण्याची प्रथा या कारणाने टाळावी, असे वैद्यकीय मत आहे.

पीपीडीची गोष्ट निराळी. कपाळ, पापण्या आणि कानांमागे खाज, लाली, पाणी सुटणे ही लक्षणे रंग लावल्यावर काही तासांनी ते दोन-तीन दिवसांनी येतात आणि एकदा ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर राहते. अनेक वर्षे तोच रंग विनातक्रार लावणाऱ्यालाही ती अचानक होऊ शकते. पूर्वचाचणीसाठी थोडे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहतात. अशा चाचणीचा इशारा केशरंगाच्या वेष्टनावर छापणे भारतात कायद्याने आवश्यक आहे, भुवया-पापण्यांना न लावण्याच्या इशाऱ्यासह.

काही जुन्या 'मिश्र' मेंद्यांत धातूंचे क्षार असत. अशा केसांवर पुढे पार्लरमध्ये पेरॉक्साइडयुक्त रंग लावल्यास तापून केस तुटण्याची भीती असते. आधी मेंदी लावली होती का, हा प्रश्न पार्लरमध्ये त्यासाठीही विचारला जातो.

पुरुष : मुसलमान पुरुषांत दाढीला मेंदी लावण्याची परंपरा धार्मिक आधाराची असून कल्याण, भिवंडी भागात ती दिसते. इतरांत केशकर्तनालयातील तयार रंगांचे चलन अधिक.

व्यापार व मानके : बाजारातील बहुतेक पूड राजस्थानातून येते. पाली जिल्ह्यातील सोजत हे तिचे मुख्य केंद्र. 'सोजत मेहंदी'ला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कमी पाऊस व कडक उन्हात पानांत लॉसोन अधिक उतरते, असे मानले जाते. पावसाळ्यानंतर फांद्या विळ्याने कापून, वाळवून, बडवून पाने वेगळी करतात. एकदा लावलेले शेत दोन दशकांहून अधिक काळ उत्पन्न देते. या पिकावर जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने काम केले आहे. भारतीय मानक ब्यूरोने मेंदीच्या पुडीसाठी आय. एस. 11142 हे मानक ठरवले आहे. चांगली पूड मळकट हिरवी असते आणि तिला वाळल्या गवताचा वास येतो. तपकिरी पूड जुनी समजावी, तर फार गर्द हिरव्या पुडीत वरून रंग मिसळलेला असण्याचा संशय घेतात. चमचाभर पूड ओल्या पांढऱ्या कापडावर पसरली असता हिरवा रंग लगेच पाण्यासारखा फुटून वाहिला, तर ती भेसळीची खूण मानतात.

लागवड : पानांसाठी ठाणे जिल्ह्यात उल्लेखनीय नाही.