सूर्याची छबी आणि दोन मिनिटें

गेल्या हिवाळ्यांतील एका रविवारीं सकाळीं देवळाली कॅम्पांतील आमच्या घराच्या गच्चीवर माझा एक जुना विद्यार्थी आपली दुर्बीण घेऊन आला. त्याला एक नवा कॅमेरा पारखून पाहावयाचा होता, आणि आमच्या गच्चीवरून पूर्वेचें क्षितिज मोकळें दिसतें, एवढेंच त्याच्या येण्याचें कारण. कॅमेरा म्हटला म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढें भिंग आणि फिल्मची गुंडाळी येते. ह्या कॅमेऱ्यास भिंगच नव्हतें. मुठींत मावेल असा धातूचा एक डबा. दुर्बिणीच्या ज्या टोकास आपण डोळा लावतों तेथें तो बसवावयाचा. आंत काचेखालीं टपालाच्या तिकिटाहून लहान अशी एक चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. पूर्वी रसायन लावलेली कांच जें काम करी तेंच ही चकती विजेच्या साह्यानें करते. मात्र एका सेकंदांत शंभर-दीडशें वेळां करते.

सूर्याचें चित्र काढावयास एवढी घाई कशाला, असें मीं त्यास विचारलें. त्याचें उत्तर मार्मिक होतें. तो म्हणाला, "गुरुजी, घाई सूर्यास नाहीं, आपल्या हवेस आहे." वाहत्या ओढ्याच्या तळाशीं पडलेला खडा जसा लवलवतांना दिसतो, तसें सूर्याचें बिंब तापलेल्या हवेंतून थरथरतांना दिसतें. त्या थरथरण्यांत मधूनच निमिषमात्र हवा स्थिर होते. तें निमिष केव्हां येईल हें कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून चित्रें भराभर घेत सुटावें, मग हजारों चित्रांतून निवडक तेवढीं वेचून संगणकाकडून एकावर एक बसवून घ्यावीं, अशी ही युक्ति आहे. सोनी कंपनीची आयएमएक्स १७४ ह्या नांवाची चकती हौशी सूर्यनिरीक्षकांत बरींच वर्षें मान्यता पावलेली आहे. तिच्यावर प्रकाश टिपणाऱ्या ठिपक्यांचे १९३६ स्तंभ व १२१६ ओळी आहेत, आणि ती पूर्ण आकाराचीं १६० हून अधिक चित्रें एका सेकंदांत देऊं शकते. तिचे सर्व ठिपके एकाच क्षणीं प्रकाश घेतात, हा तिचा दुसरा गुण. मोबाईलमधील नेहमीची चकती ओळीमागून ओळ वाचते, त्यामुळें थरथरत्या बिंबाची कडा वेडीवांकडी उमटते. माझ्या विद्यार्थ्याचा कॅमेरा ह्याच घराण्यांतला, परंतु पुढील पिढीचा व मोठ्या ठिपक्यांचा होता.

अल्पकाळ प्रकाश घेऊन हवेस चकविण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठीं गुंटूर येथें येऊन गेलेले फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन ह्यांनीं पुढें पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथें सेकंदाच्या अत्यल्प अंशांत सूर्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि सूर्यपृष्ठावरील तांदुळाच्या कण्यांसारखी दिसणारी रचना त्यांत स्वच्छ उमटली. त्यांच्याजवळ एका सेकंदास एकच कांच होती, शंभर नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

गच्चीवरील पहिला प्रयोग फसला. सूर्याच्या बिंबावर आडवे-तिडवे काळसर पट्टे उमटले. दुर्बिणीस लावलेली गाळणी हायड्रोजनचा एकच तांबडा रंग आंत सोडते. अशा एकरंगी प्रकाशाचें सेन्सर आणि त्यावरील कांच ह्यांच्यामध्यें पुनःपुन्हां परावर्तन होऊन हे पट्टे तयार होतात. शाळेंत न्यूटनचीं वलयें शिकवितात, त्यांचेच हे भाऊबंद. कॅमेरा किंचित् तिरका बसविला कीं ते विरळ होतात. पण किती तिरका, हें प्रत्येक दुर्बिणीगणिक निराळें असतें आणि तें आधींच पाहून ठेवावें लागतें. (अशी गाळणी लावल्यावांचून दुर्बीण सूर्याकडे कोणीहि वळवूं नये, डोळा कायमचा जाईल.)

हें "आधींच पाहून ठेवणें" ऐकून मला एक जुनी गोष्ट टोंचली. १५ जानेवारी १९१० नव्हे, २०१०. संक्रांतीचा दुसरा दिवस. दक्षिणेंत कन्याकुमारीकडे सुमारे दहा मिनिटें कंकणाकृति ग्रहण दिसलें. आमच्याकडे तें दुपारीं खंडग्रास होतें. शाळेचा दिवस. मीं ग्रहणाचा धडा फळ्यावर उत्तम शिकविला होता, आकृत्यांसह. पण चष्मे मागविले नव्हते, पुठ्ठ्यास भोंक पाडून भिंतीवर बिंब पाडण्याचीहि तयारी केली नव्हती. मुलांच्या डोळ्यांस अपाय होईल ह्या भीतीनें मीं खिडक्या लावून घेतल्या आणि पाढे म्हणवून घेतले. चौथ्या इयत्तेंतल्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आतां चालू आहे ना तें?" तोच हा गच्चीवरचा मुलगा. त्यानें ती आठवण काढली नाहीं. मीं काढली, तेव्हां तो हंसला.

मग मीं त्यास २२ जानेवारी १८९८ ची हकीकत सांगितली. त्या दिवशींची चंद्राची छाया कोंकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशीं येऊन, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर ओलांडून, वऱ्हाडांतून नागपूरकडे गेली. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटें. ह्या दोन मिनिटांसाठीं विलायतेहून व अमेरिकेहून पंडित आपल्या मुलुखांत येऊन तळ देऊन राहिले. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकयर होते. मेल्पोमीनी ह्या लढाऊ जहाजावरील खलाशांकडून ते यंत्रें चालविण्याची रोज कवाईत करून घेत. (१८६८ साली लॉकयरनीं विजयदुर्गावरून हेलियम शोधला असें पुष्कळ लोक सांगतात, आणि मीहि वर्गांत कित्येक वर्षें सांगितलें. त्या सालीं ते इंग्लंडांतच होते, आणि सूर्यकडेवरील ज्वाला त्यांनीं तेथूनच, ग्रहणावांचून, ऑक्टोबरांत पाहिल्या. किल्ल्यावर ते आले तीस वर्षांनीं.)

जेऊरला अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल ह्यांनीं चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. शेजारींच पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला आपलीं यंत्रें घेऊन होते. आणि वऱ्हाडांत तळणी स्टेशनाजवळ ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ह्या हौशी मंडळाची तुकडी होती. मुंबईहून तळणीस जाणारी आगगाडी कसारा घाट चढून आमच्या देवळालीवरूनच जाते.

ह्या तुकडींत ॲनी मॉंडर नांवाच्या बाई होत्या. ग्रीनिच वेधशाळेंत त्या गणनाचें काम करीत. १८९५ त विवाह झाल्यावर ती नोकरी त्यांना सोडावी लागली, म्हणून त्या "हौशी". त्यांच्याजवळचें भिंग दीड इंच व्यासाचें, नऊ इंच नाभ्यंतराचें. गर्टन कॉलेजच्या मदतीच्या पैशांतून आकाशगंगेचीं छायाचित्रें घेण्यासाठीं तें घेतलें होतें. चाळीस फुटांपुढें नऊ इंच! परंतु लांब कॅमेरा सूर्याच्या लगतची प्रभा मोठी व स्पष्ट दाखवितो, तर आंखूड कॅमेरा दूरवर पसरलेला मंद प्रकाश एका ठिकाणीं गोळा करतो. ॲनीबाईंच्या कांचेवर प्रभेचा एक किरण इतका लांबवर उमटला, कीं तोंपर्यंत कोणाच्याहि छायाचित्रांत तसा आला नव्हता. त्याच तळावर जॉन एव्हरशेड हे रसायनाच्या नोकरींतून सुट्टी काढून आलेले गृहस्थ होते; त्यांनीं खग्रासाच्या क्षणीं चमकणाऱ्या वर्णपटाचें छायाचित्र घेतलें. पुढें ते कोडाईकनाल येथें आले, आणि सूर्यडागांतील वायूंच्या प्रवाहाचा १९०९ मधील शोध आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

चलच्चित्राचा प्रयत्नहि त्याच ग्रहणांत झाला. बिहारांत बक्सर येथें जादूगार नेव्हिल मॅस्केलिन ह्यांनीं नव्यानेंच निघालेल्या सिनेमाच्या यंत्रानें ग्रहण टिपलें, आणि परतीच्या प्रवासांत ती फीत नाहींशी झाली! १९०० सालीं त्यांनीं अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना येथें तोच खटाटोप पुन्हां केला; ती फीत मात्र टिकली, आणि २०१९ मध्यें स्वच्छ करून लोकांस दाखविण्यांत आली. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र सावकाश घेऊन दाखविली, ती ह्याच विद्येची दुसरी बाजू.

नायगांववाल्यांची कथा सांगतांना माझा आवाज जरा जड होतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीनें पुण्यास त्यांनीं वेधशाळा उभी केली. तिच्यांतील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १९१२ सालीं ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद होऊन सर्व यंत्रें कोडाईकनालला रवाना झालीं. एक माणूस खुर्चीवरून उठला आणि शहराची दुर्बीणच गेली! त्यानंतर १९४४ सालीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था निघेपर्यंत हौशी माणसानें कोणाच्या दारीं जावें, हा प्रश्नच होता.

एवढें ऐकून घेत माझ्या विद्यार्थ्यानें कॅमेऱ्याखालीं एक पातळ पट्टी सरकविली होती. पट्टे गेले. परंतु तोंवर साडेनऊ वाजले. शेजारचे पत्रे तापले आणि बिंब उकळल्यासारखें दिसूं लागलें. दोन हजार चित्रांपैकीं संगणकानें निवडलेलीं शंभरच कामाचीं निघालीं. त्यांतून एक डाग, त्याच्या कडेचे बारीक तंतू आणि बिंबाबाहेर उठलेली एक ज्वाला एवढें हातीं आलें. त्यानें पट्टीची जाडी वहींत लिहून घेतली. पुढच्या रविवारीं तो सातलाच येणार आहे. आदल्या रात्रीं गच्ची धुऊन ओली ठेवा, असें मला सांगून गेला आहे, आणि जुन्या शाळेंतील चौथीचीं मुलें आणावीं काय, असें मीं विचारलें, तर म्हणाला, "आणा कीं! पण गुरुजी, चष्मे आतांच मागवून ठेवा."