पनवेल, जुने

रायगड जिल्ह्यातील पनवेल शहराचा गाढी नदीकाठचा मूळ भाग. लोहमार्गाच्या पूर्वेस सिडकोने वसवलेले नवे पनवेल, तर पश्चिमेस ही जुनी वस्ती आहे. शेजारच्या तळोज्याकडून येणाऱ्यास तळोजे पाचनंद स्थानकावरून दिवा–पनवेल मार्गाने येथे येता येते. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली आणि तळोज्याचा परिसर व हे जुने गाव एकाच कारभाराखाली आले.

गाव वाढले ते प्रवासाच्या सांध्यावर. मुंबईहून गलबताने खाडीमार्गे आलेला माणूस व माल येथे उतरे आणि बैलगाडीने बोरघाट चढून पुण्यास जाई. 1830 मध्ये घाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ वाढली, आणि तांदळाच्या व्यापाराबरोबर गाड्यांची चाके बनवण्याचा धंदा येथे नावारूपास आला. 1850च्या कायद्यान्वये 1852 मध्ये नगरपालिका स्थापन झाली, ती याच भरभराटीमुळे. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तिचा मार्ग कल्याण–कर्जतवरून गेल्याने पुण्याचा प्रवासी पनवेलला वळसा घालून जाऊ लागला.

पाहण्याजोग्या वास्तूंमध्ये बेथ एल सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर, 1849) अग्रक्रमाने सांगावे लागते. ते बेने इस्राएल समाजाचे आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालवणारा आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतिदिनी, घाणा बंद ठेवणारा हा मराठीभाषक समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई, आणि केहिमकरांसारखी त्याची आडनावे गावांवरूनच पडली आहेत. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने पोहे, खोबरे, गोड आणि फळे मांडून केला जाणारा मलिदा हा त्यांचा खास विधी; नवस फेडण्याच्या या रीतीत कोकणाची छाप स्पष्ट दिसते. 26 जुलै 2005च्या महापुरात सिनेगॉगात पाणी शिरून तोराच्या, म्हणजे हिब्रू धर्मग्रंथाच्या, हस्तलिखित गुंडाळ्यांची हानी झाली.

विरूपाक्ष महादेवाचे देऊळ आणि वडाळे तलावाजवळील बल्लाळेश्वर ही येथील जुनी श्रद्धास्थाने असून याच तलावात गणेशविसर्जन होते. 1872 मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी सुरू केलेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखानाही पनवेलचाच.

फ्रान्समधील लिआँ शहराचा जुना भाग 1964 मध्ये संरक्षित क्षेत्र ठरला आणि तेथे सबंध मोहल्लाच जपला गेला. पनवेलला मात्र जपणूक झाली ती बहुतांशी देवळांची आणि प्रार्थनास्थळांची. वाड्यांच्या जागी मजली इमारती आल्या. म्हणून एकेक वास्तू गाठून परतण्यापेक्षा टपाल नाका, मिरची गल्ली, लाईन आळी असे पायी फिरणे अधिक फलदायी ठरते, कारण घरे पडली तरी आळ्यांची वळणे आणि नावे बरीचशी टिकून आहेत. सिनेगॉग आतून पाहायचे असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी आणि शनिवार टाळावा.