कवेलू, काशी आणि फरशी

आपल्या इतिहासाविषयी बोलायची वेळ आली की आपण इमारतींविषयी बोलू लागतो. बिदरचा मदरसा, विजापूरचा गोल घुमट, दौलताबादचा चाँद मिनार. आमच्या भंडारा जिल्ह्यातला कुणी बोलू लागला तर तो तुमसर तालुक्यातल्या अंबागडाचे नाव घेतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार राजाखान पठाण याने तो किल्ला 1700च्या सुमारास बांधला. ही नावे घेताना आपला आवाज थोडा चढतो. चढू द्यावा, त्यात वावगे काही नाही. पण या इमारतींत आपले पूर्वज राहत नव्हते. ते मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूच्या छपराच्या घरात राहत होते. त्या छपराचा इतिहास मात्र आपण कुठे लिहून ठेवलेला नाही.

उर्वरित महाराष्ट्र ज्याला कौल म्हणतो त्याला आम्ही विदर्भातले लोक कवेलू म्हणतो. भाजलेल्या मातीने घर झाकायची कला या मुलखात फार जुनी आहे. तेर आणि नेवासे येथील उत्खननांत सातवाहन काळातली कौले सापडली आहेत. त्यांना खिळ्यासाठी भोके ठेवलेली दिसतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला वाऱ्यात कौल सरकते हे ठाऊक होते आणि त्यावरचा उपायही ठाऊक होता.

आमच्याकडचे देशी कवेलू साधे. कुंभार चाकावर मातीची नळी ओढतो, ती एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती असते. ओली असतानाच तिला दोन बाजूंनी चिरा देतो. भाजल्यावर त्या चिरांवर नळी उकलते आणि एका नळीची दोन कवेलू होतात. माती तळ्याची. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांतला गाळ उन्हाळ्यात उघडा पडतो, तोच कुंभाराचा कच्चा माल. धानाचा मुलूख असल्यामुळे आव्यात घालायला तणस आणि कोंडाही जवळच. ज्या तळ्याने शेत भिजवले त्याच तळ्याच्या मातीने घर झाकले, असा हा सरळ हिशेब होता.

कवेलू छपरावर बसवायचीही एक रीत आहे. फाट्यांवर बांबूच्या कमच्या बांधायच्या. त्यावर आधी एक ओळ पोट वर करून, म्हणजे पन्हळीसारखी. मग दोन पन्हळींच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी. काम वळचणीपासून सुरू होते आणि आढ्यापर्यंत चढते, कारण वरच्या कवेलूने खालच्याच्या तोंडावर चढले पाहिजे. यात खिळा नाही, चुना नाही. कवेलू स्वतःच्या वजनाने बसून राहते. म्हणून ते सरकतेही लवकर. माकडांची एक टोळी छपरावरून गेली की महिन्याभराचे काम निघते.

म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायची असतात. पुस्तकी मराठीत याला शाकारणी म्हणतात. फुटलेले काढायचे, सरकलेले जागेवर आणायचे, पन्हळीतला पालापाचोळा झाडायचा, आढ्यावरची माती नव्याने लावायची. माझ्या लहानपणी आमच्या घरी हे काम करायला गावातलाच कुंभार यायचा. एका वर्षी दादीने पैशांची अडचण म्हणून काम पुढच्या हप्त्यावर ढकलले, तेव्हा अंगणात उभा राहून तो म्हणाला, “अम्माजी, पानी येऊन रायलं. आत्ता नाही फेरले त रात्रभर गंज मांडत बसान.” दादीने त्याच दिवशी शिडी लावायला सांगितले. पैसे ईदनंतर दिले. त्याने आणलेली नवी कवेलू जुन्यांत अशी मिसळून गेली की चार पावसाळ्यांनंतर नवे कुठले नि जुने कुठले ते ओळखू येईना. छप्पर शंभर वर्षांचे होते असे घरात सांगत, पण त्यातले एकही कवेलू शंभर वर्षांचे नसावे.

आता या साध्या कवेलूच्या थोरल्या भावाकडे वळू. इराणात काशान नावाचे शहर आहे. मध्ययुगात तिथली झिलईदार रंगीत फरशी इतकी नावाजली गेली की फारसीत अशा कामालाच काशी म्हणू लागले. आपल्या काशी क्षेत्राशी या शब्दाचा संबंध नाही. काशानच्या कुंभारघराण्यातल्या अबुल कासिम याने 1301 साली या कलेवर एक प्रकरण लिहून ठेवले. त्यात मिश्रणाचे माप आहे: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती. म्हणजे काशीच्या फरशीत माती जवळजवळ नावापुरती, बाकी सगळा दगड आणि काच. म्हणूनच तिच्यावर निळा नि हिरवा रंग इतका उजळून दिसतो.

बहमनी काळात ही कला दख्खनमध्ये आली. दौलताबादचा चाँद मिनार एके काळी अशा फरश्यांनी मढलेला होता. त्याच किल्ल्यातल्या चिनी महालाला त्याच्या फरश्यांवरून नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला 1687 नंतर औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवले. पण या कामाचा कळस म्हणजे बिदरचा मदरसा. गिलानहून आलेला वजीर महमूद गवान याने तो 1472 साली बांधला. तीन मजले, पुढे दोन मिनार, आणि दर्शनी भागावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या फरश्यांत कुराणाच्या आयती.

आज तिथे जाऊन पाहिले तर जवळपास निम्मा दर्शनी भाग नाही. औरंगजेबाच्या काळात इमारतीत दारूगोळा ठेवला होता. 1696च्या सुमारास त्याचा स्फोट झाला आणि एक मिनार व त्याच्या बाजूचा भाग कोसळला. उरलेल्या भिंतीवरच्या फरश्या वाऱ्यापावसाने आणि माणसांच्या हातांनी गळत गेल्या. स्फोटाची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र दुसरा प्रश्न पडतो. स्फोटानंतर ती भिंत पुन्हा मढवायला कुणी का आले नाही?

उत्तर बिदरमध्येच आहे. काशीचे काम तिथे सुमारे दीडशे वर्षे चालले. अली बरीदच्या काळातल्या रंगीन महालात आणि 1570च्या दशकातल्या त्याच्या मकबऱ्यात ते दिसते. त्यानंतर ते थांबले. ते राजाश्रयावर वाढले होते, गावाच्या गरजेवर नव्हे. साध्या माणसाच्या घराला ती फरशी लागत नव्हती, त्यामुळे दरबार गेला तशी भट्टीही विझली. याच बिदरमध्ये धातूवर चांदी बसवण्याचे बिदरी काम मात्र टिकले, आजही चालते. कारण हुक्का, सुराही, पानदान घराघरात लागत राहिले आणि बापाकडून मुलाकडे हात जात राहिला. वस्तू तिच्या मजबुतीने टिकत नाही, तिला दुरुस्त करणारा जवळ असेल तोवर टिकते. आमचे मातीचे कवेलू बिदरच्या फरशीपेक्षा शंभर पटींनी ठिसूळ. पण त्याचा दुरुस्त करणारा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता.

एकोणिसाव्या शतकात हे अंतर वाढू लागले. अल्सासमधल्या गिलार्दोनी बंधूंनी 1841 साली एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या कौलांचे पेटंट घेतले. त्या धर्तीवर बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. हेच मंगलोरी कौल, आमच्याकडचे इंग्रजी कवेलू. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे पुरतात, सरकत नाहीत, दरवर्षी फेरावी लागत नाहीत. 1880च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे भंडाऱ्याच्या उशाशी वरठीहून गेली आणि कारखान्याचा माल दूरवर न्यायची सोय झाली. इंग्रजी कवेलू घरावर असणे हे ऐपतीचे लक्षण झाले. तरी एक गोष्ट बरी होती. साचा ठरलेला असल्यामुळे एक फुटले तर दुसरे त्याच मापाचे मिळे आणि घरातला पोरगाही ते बदलू शके.

पायाखालची जमीन या काळात बहुतेक घरांत मातीने लिपलेलीच होती. ऐपतदारांकडे शहाबादी फरशी आली, ती खाणीतला दगड. मुंबईत 1922 साली पारशी सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स काढली. तिच्या नक्षीदार फरश्या सिमेंटच्या होत्या, दाबून पाण्यात मुरवलेल्या, भट्टीत भाजलेल्या नव्हेत. भाजलेल्या चिनी मातीच्या फरश्या तेव्हा इंग्लंडहून येत. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मिंटन फरश्या त्यांपैकीच. रिचर्ड प्रॉसर याने 1840 साली कोरडी पूड दाबून वस्तू बनवण्याचे पेटंट घेतले आणि मिंटनने ती रीत फरशीला लावली. आज गुजरातेतल्या मोरबीत पुडीचीच फरशी दाबली जाते. गंमत अशी की मोरबीही आधी छपराच्या नळ्यांसाठी प्रसिद्ध होते. छपरावरचे कवेलू तिथे पायाखालची फरशी झाले.

आमचे घरही त्या वाटेने गेले. कवेलू उतरले, स्लॅब पडला, मोठ्या चकचकीत फरश्या आल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात भर दुपारी दिवाणखान्यात फटाक्यासारखा आवाज झाला. मधल्या दोन फरश्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. मिस्त्रीने भिंतीशी फट सोडली नव्हती, खाली माल नीट भरला नव्हता. फरशी तापून फुगली, तिला सरकायला जागा मिळाली नाही. मिस्त्री परगावचा, त्याचा फोन लागेना. त्या रंगाची फरशी दुकानात उरली नव्हती. शेवटी दोन फरश्या वेगळ्या रंगाच्या बसवल्या. त्या अजून तशाच आहेत, येणारा पाहुणा आधी तिथेच पाहतो.

त्यातून शिकलेले चार शब्द इथे लिहितो, कारण दादीच्या काळी असे ज्ञान अंगणात मिळत होते. भिंतीची झिलईदार फरशी जमिनीवर लावू नये, ती पाणी शोषते आणि वजनाने फुटते. सिमेंटवर बसवायच्या आधी ती पाण्यात भिजवावी. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ घेतच नाही, म्हणून ती भिजवून उपयोग नाही. तिला साधे सिमेंट नीट धरत नाही, फरशीचा खास गोंद लागतो. न्हाणीत आणि वजूच्या जागी चकचकीत फरशीचा मोह टाळावा, खरखरीत घ्यावी आणि पाण्याला उतार द्यावा. घरातली म्हातारी माणसे पहाटे फज्रच्या वेळी ओल्या पायांनी तिथेच उभी असतात. बसवल्यावर काठीने ठोकून पाहावे, पोकळ वाजली तर माल वाळायच्या आत उचलून पुन्हा बसवून घ्यावी. भिंतीलगत थोडी फट सोडावी, ती पट्टीखाली झाकली जाते. ॲसिडने धुऊ नये, सांधे खाल्ले जातात. आणि त्याच खोक्यातल्या सहा-सात फरश्या घरात जपून ठेवाव्यात. प्रत्येक भट्टीचा रंग थोडा वेगळा येतो.

कवेलूकडे परत जा, असे मी म्हणणार नाही. गळक्या छपराखाली ज्याने रात्र काढली आहे तो असे म्हणणार नाही. पक्के घर मिळाले हे चांगलेच झाले. पण 2011च्या जनगणनेने हाताने केलेली कौले आणि यंत्राची कौले असे दोन वेगळे रकाने केले होते. पहिल्या रकान्यामागे एक माणूस उभा आहे, आणि तो आता माठ व दिव्यांवर भागवतो, नाहीतर नागपूरला मजुरीला जातो. त्याच्या हातातली नळी चिरण्याची ती रीत त्याच्या मुलाला येत नाही. बिदरमध्ये जे दरबार संपल्यावर झाले ते आमच्या गावात स्लॅब पडल्यावर होत आहे.

बिदरच्या कारागिराशी आपले नाते आपण अभिमानाने सांगतो. ते धर्माचे आहे, भाषेचे आहे, पण दुरून आहे. गावच्या कुंभाराशी आपले नाते शिडीचे होते, उधारीचे होते, ईदच्या शीरखुर्म्याचे होते. त्याने आमच्या तीन पिढ्यांना पावसापासून वाचवले आणि त्याचे नाव आमच्या घरातल्या कुठल्याही कागदावर नाही. प्रत्येकाने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारावे की आपले छप्पर कोण फेरत होते. उत्तर आठवणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आमच्या परसात जुन्या कवेलूंचा एक ढीग अजून आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते, उन्हाळ्यात वाळून जाते. मी तो उचलू दिलेला नाही.