वंशावळीत नसलेली पणजी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी इतर मंडळी माझ्यापेक्षा छान लिहितील याची खात्री होती. म्हणून गेली तीन वर्षं नोकरी सांभाळून जो उद्योग करते आहे, त्याविषयी लिहिते. इतिहासाचा तास संपल्यावरही इतिहास संपत नाही, एवढं त्यावरून आमच्या बाईंना नक्की पटेल.

आमच्या घरी चुलत आजोबांनी हातानं काढलेली वंशावळ आहे. सात पिढ्या, सगळे पुरुष. कोणाच्या बायकोचं, मुलीचं, बहिणीचं नाव नाही. आजोबा लहान असताना त्यांची आई 'साथीत गेली' आणि आत्यानं त्यांना वाढवलं, एवढंच घरात ठाऊक. ही आई, म्हणजे माझी पणजी, कोण होती, हे शोधायचं ठरवलं.

इंजिनिअरच्या डोक्यात पहिला विचार आला जनगणनेचा. अमेरिकेत ७२ वर्षांनी जनगणनेचे मूळ तक्ते खुले होतात. १९५० चे तक्ते २०२२ मध्ये खुले झाले. इंग्लंडमध्ये १९२१ ची जनगणना त्याच वर्षी लोकांसमोर आली. तिथे पणजोबांचं नाव टाकलं की घर, वय, धंदा सगळं दिसतं. आपल्याकडे तसं नाही. इंग्रजी अमलात गणनेची पानं नावानिशी भरली जात. पण गोषवारा तयार झाल्यावर ती जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदी १९४८ च्या कायद्यानं गोपनीय आहेत.

त्या गोषवाऱ्याची रीत मात्र आपल्या व्यवसायातल्यांनी वाचण्यासारखी आहे. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी तयार होई. कारकून त्या चिठ्ठ्या खणाखणांच्या कपाटात वाटत आणि मग मोजत. आज आपण डेटा वर्गवार लावतो, तेच काम, फक्त हातानं. १९११ साली त्या ढिगात माझ्या पणजीचीही एक चिठ्ठी असणार. ती मोजली गेली, एवढं नक्की.

माणूस सापडेना, म्हणून आकडे वाचले. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ला सुमारे २५ कोटी २० लाख लोक होते, १९२१ ला २५ कोटी १३ लाख. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचं हे एकमेव दशक. कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत आली, पावसाळ्यानंतर दुसरी लाट खेड्यापाड्यांत पसरली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. त्यात बायका अधिक होत्या. दर हजार पुरुषांमागे १९११ ला ९६४ स्त्रिया होत्या, १९२१ ला ९५५ उरल्या. आजाऱ्यांची उस्तवार करणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई आधी जाणार, यात नवल नाही.

नावानिशी पहिला धागा मिळाला तो शाळेत. आजोबांच्या गावच्या प्राथमिक शाळेनं जुनं जनरल रजिस्टर सांभाळून ठेवलं आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पानं जपून उलटायला सांगितली. आजोबांची जन्मतारीख अर्थातच १ जून! (गुरुजनांनी हसू नये. अर्धा महाराष्ट्र तुम्हीच १ जूनला जन्माला घातला आहे.) पण त्याच ओळीत 'पूर्वीची शाळा' या रकान्यात वीसेक मैलांवरच्या दुसऱ्याच गावाचं नाव होतं. आमचे तिथे कोणी नातेवाईक असल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं. ते आजोबांचं आजोळ निघालं. म्हणजे आत्याकडे येण्याआधी काही काळ ते आजोळी होते.

दुसरा धागा तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकात. गावातल्या जन्ममृत्यूची ही नोंदवही. बरीच पानं मोडीत, त्यामुळे मोडी वाचणाऱ्या एका काकांना सोबत नेलं. १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत आलो आणि काका वाचता वाचता थांबले. एरवी एका पानात दोन-तीन महिने मावत, इथे एका आठवड्याला पान पुरत नव्हतं. कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: ताप. त्यातली एक ओळ आमच्या घरची. नावाच्या जागी पणजोबांचं नाव आणि पुढे 'याची बायको'. वय २२. कारण ताप.

तिसरा धागा नाशिकचा. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि गाव सांगितलं की पिढ्यानपिढ्यांच्या वह्या निघतात. १९१९ च्या नोंदीत पणजोबांनी स्वतःच्या हातानं वडील, आजोबा, भाऊ, मुलगा अशी सगळी नावं लिहिली आहेत. येण्याचं कारणही लिहिलं आहे: कुटुंबाच्या अस्थी घेऊन आलो. जुन्या मराठीत बायकोला 'कुटुंब' म्हणत, हे तुम्हाला आठवत असेल. नाव तिथेही नाही.

शेवटी आजोळच्या गावी गेले. पणजीच्या भावाचे नातू भेटले, चहापाणी झालं, त्यांनी त्यांची वंशावळ दाखवली. तीत मुलीच नव्हत्या.

पणजीचं नाव मला मिळालेलं नाही. पण तिचं माहेर कोणतं, ती किती वर्षांची होती, कोणत्या महिन्यात आणि कशानं गेली, चार वर्षांचं पोर मागे कसं राहिलं, हे आता कळलं आहे. नव्यानं काढलेल्या वंशावळीत पणजोबांशेजारी तिचा चौकोन आहे. नावाची जागा मोकळी आणि खाली ही सगळी माहिती. आमच्या घरच्या सगळ्या लेकीसुनाही त्यात आल्या. कामाला लागल्यावर आईला तिच्या पणजीचं नाव विचारलं, तिलाही सांगता आलं नाही.

महाराष्ट्रात मे २०२४ पासून सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं. पुढच्या शोधणाऱ्यांचं काम त्यानं सोपं होईल. मागच्यांचं आपल्यालाच करावं लागेल. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या दिवाळीत वही घेऊन बसा. आजी, पणजी, त्यांची माहेरं, माहेरची नावं, गावं विचारा. फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहा. जुने शाळा सोडल्याचे दाखले रद्दीत घालू नका.

आणि एक विनंती संपादक मंडळाला. या मेळाव्यासाठी वर्गातल्या मुली शोधताना किती फोन करावे लागले, ते तुम्हीच सांगत होता. मुलगे आहेत त्या आडनावानं सापडले, आम्ही लग्नानंतर हरवलो. तेव्हा स्मरणिकेच्या शेवटी तुकडीची यादी छापाल, तेव्हा प्रत्येकीची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं छापा. जमलं तर सगळ्यांच्याच नावापुढे आईचंही नाव घाला. पान वाढलं तर त्याचा खर्च मी देते.